अर्थ शेवटी लिहा: कादंबरी आणि चित्रपटातली पात्रं व आशयसूत्र उलगडण्याची पद्धत

एखाद्या कादंबरीवर किंवा चित्रपटावर लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिलंच वाक्य लिहितो, ‘ही कलाकृती समाजव्यवस्थेवर प्रखर भाष्य करते.’ मग पुढची चार पानं तो गोष्ट सांगतो आणि शेवटी पहिलं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहितो. मधे विश्लेषण कुठेच होत नाही. कारण निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, पुरावा नंतर गोळा होतो आणि जो प्रसंग निष्कर्षात बसत नाही तो लेखात येतच नाही.

इथे दिलेली पद्धत याच्या उलट जाते. आधी नोंदी, मग पात्रांचे निर्णय, मग पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी आणि सगळ्यांत शेवटी आशयसूत्र, म्हणजे कलाकृती आपल्या विषयाबद्दल नेमकं काय मांडते ते. क्रम बदलू नका. उदाहरणांसाठी मुख्यतः नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (2013) आणि ‘सैराट’ (2016) हे दोन चित्रपट घेतले आहेत. अधूनमधून वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ येतील. दोन्ही चित्रपटांचे शेवट पुढे उघड केले आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहून घ्या.

तयारी

कलाकृती दोनदा वाचावी किंवा पाहावी लागते. याला पर्याय नाही. पहिल्या वेळी हातात पेन नको. गोष्ट अंगावर येऊ द्या, हसू आलं तर हसा, कंटाळा आला तर येऊ द्या. संपल्यावर मात्र झोपायच्या आधी अर्धं पान लिहा: कुठे गलबलून आलं, कुठे राग आला, कुठे लक्ष उडालं, काय पटलं नाही. ही प्रतिक्रिया पुढे कामाला येते, कारण दुसऱ्या वेळी नेमकं कुठे थांबायचं ते तीच सांगते.

दुसऱ्या वेळी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय दिसलं किंवा काय लिहिलंय. दुसऱ्यात त्या ठिकाणी कोणी काय निर्णय घेतला. तिसऱ्यात तुम्हाला पडलेला प्रश्न. अर्थासाठी रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. कादंबरी असेल तर प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक लिहा आणि वहीच्या सुरुवातीला आवृत्तीही नोंदवा, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. चित्रपट असेल तर तास-मिनिटं लिहा.

इशारा: या टप्प्यावर परीक्षणं, दिग्दर्शकाच्या मुलाखती, यूट्यूबवरची ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारी चित्रफीत यातलं काहीही बघू नका. एकदा दुसऱ्याचा अर्थ डोक्यात शिरला की तुमची नजर तेवढंच शोधत बसते. हे सगळं सहाव्या टप्प्यानंतर खुशाल बघा.

टप्पा 1: कथानक दहा वाक्यांत उतरवा

संपूर्ण गोष्ट दहा वाक्यांत लिहा आणि वाक्यं ‘आणि मग’ने जोडू नका. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ हे शब्द वापरा. ज्या दोन वाक्यांमध्ये यातला एकही शब्द बसत नाही, तिथे एकतर तुमच्याकडून दुवा सुटलाय किंवा लेखकाने तो मुद्दाम तोडलाय. दोन्ही शक्यता तपासण्यासारख्या असतात.

घटना घडल्या त्या क्रमाने आणि आपल्याला सांगितल्या गेल्या त्या क्रमाने, असा फरक असेल तर तोही टिपा. ‘सैराट’मध्ये शेवटाआधी काही वर्षं एकदम ओलांडली जातात. ती वर्षं का दाखवली नाहीत, हा प्रश्न तिसऱ्या रकान्यात जायला हवा.

हा सारांश तुमच्या लेखात जाणार नाही. तो फक्त तुमच्यासाठी आहे. हे वाक्य दोनदा वाचा, कारण निम्मे लेख इथेच फसतात.

टप्पा 2: सांगतंय कोण, ते ठरवा

पात्राबद्दल काहीही म्हणण्याआधी ते पात्र आपल्याला कोणाच्या नजरेतून दिसतंय, हे पक्कं करा. ‘ययाति’मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. त्यामुळे ‘देवयानी अहंकारी आहे’ असं लिहिलंत तर लगेच प्रश्न येतो: कोणाच्या निवेदनात? तिच्या स्वतःच्या, की ययातीच्या? तिघांच्या सांगण्यात एकाच माणसाचं चित्र कुठे जुळतं आणि कुठे फाटतं, हे शोधणं हेच या कादंबरीतलं खरं काम आहे. ते टाळलं की फक्त पुराणकथा उरते.

‘कोसला’त वेगळीच अडचण आहे. पांडुरंग सांगवीकर ‘मी’ म्हणून बोलतो आणि वाचक बेधडक लिहून मोकळा होतो की ‘नेमाडे म्हणतात…’. नेमाडे काही म्हणत नाहीत, पांडुरंग म्हणतो. त्याच्या बोलण्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ इतक्या वेळा येतात की ते नुसतं लकबीचं प्रकरण राहत नाही. आपण जे सांगतोय त्यावर सांगणाऱ्याचाच पूर्ण विश्वास नाही, असं ते शब्द सुचवतात. निवेदकाला लेखक समजलात तर हा सगळा थर हातातून जातो.

चित्रपटात बहुतेक वेळा ‘मी’ नसतो, पण कॅमेरा कोणाच्या सोबत आहे हे बघता येतं. एखादी बातमी आपल्याला पात्राच्या आधी कळते, नंतर कळते की त्याच्याबरोबरच? कॅमेरा कोणाच्या घरात जातो आणि कोणाच्या घराबाहेर थांबतो? ‘फँड्री’त आपण बहुतांश वेळ जब्या या शाळकरी मुलासोबत असतो, गावाकडे त्याच्या बाजूने बघतो. आणि शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. इतका वेळ त्याच्या बाजूला असलेला प्रेक्षक एका क्षणात समोरच्या गर्दीत जाऊन उभा राहतो. दुसऱ्या टप्प्याची नोंद नीट असेल तर हे तुमचं तुम्हालाच दिसतं, कुणी सांगावं लागत नाही.

तपासणी: वहीत ‘लेखकाला वाटतं’, ‘दिग्दर्शकाला म्हणायचंय’ अशी वाक्यं आली असतील तर ती खोडा. त्या जागी कोण बोलतंय किंवा काय दिसतंय ते लिहा.

टप्पा 3: पात्राची विशेषणं नको, निर्णय लिहा

हा सगळ्यांत मोठा टप्पा. इथे घाई केली तर पुढचं सगळं पोकळ होतं.

‘आर्ची धाडसी आहे.’ ‘सैराट’च्या या नायिकेबद्दलच्या बहुतेक लेखांत हे वाक्य सापडेल. ते चूक नाही, पण त्यातून पुढे काहीच निघत नाही. विशेषण म्हणजे तुम्ही आधीच काढलेला निष्कर्ष, आणि तो पात्राच्या वाटेत येतो. त्याऐवजी त्या पात्राने दबावाखाली घेतलेले तीन किंवा चार निर्णय निवडा आणि प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहा: त्याला काय हवं होतं, आडवं काय आलं, दुसरा कोणता रस्ता मोकळा होता आणि निवडलेल्या रस्त्याची किंमत कोणी मोजली.

आर्चीसाठी हे करून बघू. सुरुवातीला ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कुणालाही दटावते. हे निर्णय आहेत का? फारसे नाहीत, कारण त्यांची किंमत तिला मोजावी लागत नाही. तिच्या मागे वडिलांची सत्ता उभी आहे. पहिला खरा निर्णय म्हणजे वेगळ्या जातीतल्या परश्यासोबत, आपल्या प्रियकरासोबत, पळणं. तिथे ती ज्या घराच्या जोरावर धीट होती तेच घर सोडते. दुसरा निर्णय हैदराबादमध्ये: अनोळखी भाषा, झोपडपट्टीतली खोली, परश्याचा संशय, भांडण, आणि ती परत जायला निघते. पण ती अर्ध्या वाटेवरून वळते. इथे दुसरा रस्ता अगदी खराखुरा मोकळा होता, म्हणून हा निर्णय पहिल्यापेक्षा जड आहे. तिसरा निर्णय दिसायला सर्वांत लहान: संसार लागल्यावर ती आईला फोन करते.

तिन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात ती घर तोडते, दुसऱ्यात घराकडे जाणारी वाट नाकारते, तिसऱ्यात पुन्हा घराशी धागा जोडू बघते. आता ‘धाडसी’ या शब्दाला वजन आलं, कारण तो कशाविरुद्ध आणि कशाच्या जोरावर हे दिसायला लागलं. आईच्या आवाजाची ओढ हा तिच्यातला दुबळेपणा आहे की माणूसपण, हा वादाचा मुद्दाही हातात आला. वादाचा मुद्दा मिळाला म्हणजे टप्पा नीट झाला.

पात्र बोलतं एक आणि करतं दुसरं असं झालं तर करण्याकडे जास्त लक्ष द्या. दोन्हींमधली फट तर जरूर नोंदवा, कारण लेखासाठीची सगळ्यांत चांगली वाक्यं तिथूनच मिळतात.

दुय्यम पात्रांसाठी सोपी चाचणी आहे. ते पात्र गोष्टीतून काढून टाका आणि बघा कोणता प्रसंग कोसळतो. काहीच कोसळलं नाही, तर ते पात्र कथानकासाठी नसून तुलनेसाठी आहे: मुख्य पात्राने घेतला नाही तो रस्ता दाखवायला. त्याच्याबद्दल लिहिताना ती तुलनाच लिहा, स्वतंत्र चरित्र नको.

इशारे, थोडक्यात: नटाचं नाव पात्राच्या जागी वापरू नका. पात्राला मानसिक आजाराचं नाव चिकटवू नका. संहितेत निदान नसेल तर तो तुमचा अंदाज आहे. आणि पात्र आवडलं की नाही यावर पात्र चांगलं लिहिलंय की नाही हे ठरत नाही.

टप्पा 4: पुन्हा पुन्हा काय येतं ते मोजा

वही उघडून वस्तू, जागा, आवाज, रंग, हवामान आणि ठराविक शब्द यांच्या पुनरावृत्ती शोधा. एकदा आलेली वस्तू ही वस्तूच असते. ती तिसऱ्यांदा येते आणि मधल्या काळात तिचं वजन बदललेलं असतं, तेव्हा तिला प्रतिमा म्हणायचा विचार करा.

‘फँड्री’तली काळी चिमणी घ्या. जब्या तिच्या मागे आहे, कारण तिची राख शालूवर, म्हणजे त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या मुलीवर, टाकली की शालू वश होईल, असा त्याचा समज आहे. इथे बरेच जण धावत जाऊन ‘काळा रंग म्हणजे अशुभ’ किंवा ‘पक्षी म्हणजे स्वातंत्र्य’ असं लिहून टाकतात. असे तयार अर्थ बाहेरून आणायचे नसतात. चित्रपटाच्या आत ही चिमणी काय करते ते बघा. ती जब्याला हवी आहे आणि हाती लागत नाही. जे फँड्री, म्हणजे डुक्कर, त्याला धरायचं नाही तेच त्याच्या गळ्यात पडतं. एका शिकारीत त्याचं मन आहे, दुसरी त्याच्या जातीने त्याच्यावर लादली आहे. या दोन शिकारींना समोरासमोर ठेवलं की चिमणीचा अर्थ चित्रपटाच्या आतूनच मिळतो.

चित्रपटात शब्दांच्या पलीकडचं टिपायला विसरू नका. ‘सैराट’ची गाणी सगळी पहिल्या भागात आहेत. नंतर जोडपं शहरात येतं आणि गाणं थांबतं. शेवटी मूल रक्ताची पावलं उमटवत दाराबाहेर पडतं तेव्हा तर आवाजच काढून घेतलेला असतो. गाण्यापासून निःशब्दतेपर्यंतचा हा प्रवास कथानकाच्या सारांशात कुठेच सापडत नाही. कादंबरीत हेच काम वाक्याची लांबी, काळ आणि परत परत येणारे शब्द करतात.

टप्पा 5: एकाच प्रसंगावर थांबा

आता पूर्ण कलाकृतीतला एक प्रसंग निवडा, दोन ते पाच मिनिटांचा किंवा दोन-तीन पानांचा. सर्वांत गाजलेला नको. जिथे तुमच्या तिसऱ्या रकान्यात सर्वाधिक प्रश्न आहेत तो निवडा.

‘फँड्री’तला डुक्कर पकडण्याचा प्रसंग बघू. जब्याचं कैकाडी कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावतंय. जब्याला शाळेतल्या पोरांनी, विशेषतः शालूने, आपल्याला या कामात पाहू नये असं वाटतं, म्हणून तो लपतोय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरचेही थांबतात. डुक्कर निसटतं.

आधी फसलेले दोन अर्थ बघा. एक: ‘या प्रसंगातून देशप्रेम दिसतं.’ दुसरा: ‘राष्ट्रगीताची थट्टा केली आहे.’ दोन्हींत एकेकच तपशील उचललाय आणि बाकीचे सोडलेत. आता नोंदीतून प्रश्न काढा. आधी कोण थांबतं? जो शाळेत जातो तो. ही शिस्त त्याला कुठे मिळाली? ज्या शाळेतल्या पोरांपासून तो तोंड लपवतोय तिथेच. थांबण्याची किंमत कोणाला? ज्यांचं काम अर्धवट राहिलं त्यांना. आता ही धावपळ आणि बघ्यांसमोरची शोभा लांबणार. प्रसंग हसवतो का? हो, आणि हसू येतं म्हणूनच नंतर अवघडल्यासारखं होतं.

आता याच चित्रपटातला दुसरा प्रसंग शेजारी ठेवा. पकडलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांच्यासारख्यांची चित्रं आहेत. एका प्रसंगात समतेचं वचन कानावर पडतंय, दुसऱ्यात भिंतीवर दिसतंय, आणि दोन्ही वेळा खांद्यावरचं किंवा हातातलं काम तेच आहे. एका प्रसंगाचा अर्थ दुसऱ्याने पक्का केला, हे महत्त्वाचं. एकुलत्या एका प्रसंगावर सगळा डोलारा उभा करू नका.

तपासणी: प्रसंगाचं तुमचं वर्णन आणि तुमचा अर्थ वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. ज्या अर्थाच्या मागे वर्णनातला एकही तपशील नाही तो सोडून द्या, कितीही आवडला असला तरी.

टप्पा 6: आशयसूत्र एका वाक्यात मांडा

इथवर आल्यावरच अर्थ लिहा. तीन वाक्यं शेजारी ठेवतो.

‘जातिव्यवस्था’ हा विषय झाला. त्यात क्रियापदच नाही, त्यामुळे तो खरा किंवा खोटा ठरू शकत नाही.

‘जातिभेद पाळू नये’ हे तात्पर्य झालं. हे कळायला ‘फँड्री’ पाहायची गरज नव्हती.

‘शाळा जब्याला समान नागरिकासारखं उभं राहायला शिकवते, पण गाव त्याला त्याच वेळी डुकरामागे पळवतं, आणि या दोन्हींच्या मधे सापडलेल्या मुलाकडे शेवटी दगडच उरतो.’ हे आशयसूत्र म्हणण्याजोगं आहे. यावर कुणी शहाणा माणूस वाद घालू शकतो आणि वाद घालताना त्याला चित्रपटातले प्रसंगच काढावे लागतील.

‘ययाति’बद्दल ‘भोगाने तृप्ती होत नाही’ हे वाक्य हमखास येतं. तेही तात्पर्यच. पुरूने बापाला आपलं तारुण्य देण्याचा प्रसंग पुढ्यात घ्या आणि बघा वाक्य कसं बदलतं: ‘ययातीची वासना त्याच्यापुरती राहत नाही, तिचं देणं पुढच्या पिढीला फेडावं लागतं.’ आता कादंबरीतले प्रसंग त्या वाक्याला घट्ट चिकटतात.

टप्पा 7: आपल्याच वाक्याविरुद्ध पुरावा शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. तुमच्या सूत्रात न बसणारे किमान दोन प्रसंग शोधा.

समजा तुम्ही ‘सैराट’बद्दल लिहिलंत की ‘जातीपुढे प्रेम हरतं’. मग शहरातल्या भागाचं काय करायचं? तिथे जात दाराशी आलेली नाही. तिथे जोडप्याला मोडायला निघालेत ते गरिबी, परकेपण आणि परश्याचा संशय. आणि त्यातून ते सावरतातही: लग्न होतं, मूल होतं, संसार उभा राहतो. म्हणजे प्रेम हरत नाही, ते बऱ्यापैकी जिंकलेलं असतं. त्यानंतर माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांचा खून करतात. मग सूत्र असं बदलावं लागेल: ‘प्रेमाने रोजच्या जगण्यातल्या सगळ्या परीक्षा पार केल्या तरी जात आपला हिशेब विसरत नाही, आणि ती येते ती आपुलकीच्या रूपात.’ पहिल्यापेक्षा हे वाक्य लांबलं, पण चित्रपटाचा मधला भाग आता बाहेर राहिला नाही.

विरोधी प्रसंग सापडलाच नाही तर तुमचं वाक्य बहुधा फार ढोबळ आहे. पुन्हा सहाव्या टप्प्यावर जा.

टप्पा 8: लेखन

परिच्छेद कसा रचायचा? आधी एक दावा, मग त्याला लागेल तेवढाच प्रसंग, मग त्या प्रसंगातला बारीक तपशील, मग त्या तपशिलातून दावा कसा निघतो ते. चौथा भाग सर्वांत लांब असायला हवा. प्रत्यक्षात दुसराच लांबतो. कथेची ओळख संपूर्ण लेखात चार-पाच ओळींपेक्षा जास्त नको. घटना वर्तमानकाळात लिहा: ‘जब्या थांबतो’, ‘जब्या थांबला’ नाही.

विरोधी प्रसंग लपवू नका, त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या. कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांची तुलना करत असाल तर ‘पुस्तकात जास्त चांगलं होतं’ हे बाजूला ठेवा. काय गाळलं, काय वाढवलं आणि त्यामुळे सूत्र सरकलं का, एवढंच तपासा. लेखकाच्या आयुष्यातली माहिती वापरायची असेल तर ती शेवटी आणि संहितेतल्या पुराव्याला जोड म्हणून. पुराव्याऐवजी नव्हे.

मसुदा झाल्यावर त्यातली ‘वास्तववादी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘प्रखर भाष्य’, ‘विचार करायला लावणारा’ असली विशेषणं एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी वाक्य पुन्हा वाचा. विशेषण काढल्यावर ज्या वाक्यात सांगण्यासारखं काही उरत नाही, ते वाक्यही काढा.

मग ज्याने ती कलाकृती पाहिलेली किंवा वाचलेली नाही अशा एकाला लेख द्या आणि विचारा, ‘यात मी नेमका कोणता दावा केलाय?’ उत्तरात गोष्ट ऐकू आली, तर दुसऱ्या भागाला कात्री लावून चौथा भाग वाढवा आणि पुन्हा वाचायला द्या.